वाकणावरचा वाडगा

ज्या वर्षी दमित्रो बाबिचुकच्या घरी जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी मी झालो. ते १९२८ साल. मित्रांनो, मी एक जुना रस्ता आहे. सस्कॅचेवानच्या सपाट गव्हाच्या मुलुखात, उत्तरेला झोर्या आणि दक्षिणेला हॉलवीक ह्या दोन लहान गावांच्या मधे मी पडून आहे. लांबीला मी फार नाही. झोर्यात भट्टीतून काढलेला पाव फडक्यात गुंडाळून निघालात, तर हॉलवीकला पोचेपर्यंत तो कोमट असतो. इतकाच मी लांब.

मला शेतकऱ्यांनीच केलं. ज्याने त्याने आपले घोडे आणले. घोड्यांच्या मागे सुपासारखं लोखंडी खोरं बांधायचं, दोन्ही बाजूंच्या चरांतली माती उचलायची आणि मधे आणून टाकायची. झोर्याची माणसं उत्तरेकडून येत होती, हॉलवीकची दक्षिणेकडून. अर्ध्यावर बर्चच्या झाडाचं एक जुनं खोड वाटेत उभं होतं. दमित्रो ते काढत होता, तेव्हा त्याचा मेहुणा इवान घोड्यावरून आला.

"दमित्रो, मुलगी झाली."

"बरं झालं. हे खोड निघू दे, येतो."

इवान परत गेला. खोड निघालं, आणि इवान पुन्हा आला.

"दमित्रो, आणखी एक झाली."

सगळे हसायला लागले. हॉलवीकचा एक म्हातारा म्हणाला, "अरे, आता तरी जा. तू इथे खोदत बसलास तर संध्याकाळपर्यंत पाळणे कमी पडतील."

दमित्रो ते खोड घसरगाडीवर घालूनच घरी गेला. त्या हिवाळ्यात त्याने त्यातून एक मोठा वाडगा कोरला. दोन निरोपांच्या मधे निघालेलं ते खोड. त्याच्या आधीची दोकिया आणि त्याच्या नंतरची तेक्ला. मला वाटायचं, त्या हिशेबाने तो वाडगा माझा भाऊ लागतो. पण रस्त्याला भाऊ असतो का, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

ते खोड होतं तिथेच मी वाकलो आहे. बाकी सगळा मी दोरीत आहे, पण त्या जागी एकदम काटकोनात वळतो, हाकेभर अंतर बाजूला जातो आणि पुन्हा काटकोनात वळून सरळ पुढे निघतो. तिथे डोंगर नाही, नदी नाही, कुणाचं घरही नाही. नवखा माणूस सरळ शेतात जातो आणि मग उतरून मला शिव्या देतो. मी का वाकलो, हे मला कित्येक वर्षं कळत नव्हतं. गावकरी त्या जागेला नुसतं 'वाकण' म्हणतात.

दुसरं न कळणारं म्हणजे माझं नाव. झोर्याचे लोक मला 'हॉलवीकचा रस्ता' म्हणतात. हॉलवीकचे लोक मला 'झोर्याचा रस्ता' म्हणतात. वाकणावर दोघं भेटले की एक म्हणतो हॉलवीकचा रस्ता खराब झालाय, दुसरा म्हणतो झोर्याचा खराब झालाय, आणि दोघं मान डोलावतात. मला अक्षरं फार उशिरा आली. माझ्यावर पहिल्या पाट्या लागल्या तेव्हा त्या वाचत वाचत मी शिकलो. उत्तरेच्या टोकावर हॉलवीक लिहिलं होतं आणि दक्षिणेच्या टोकावर झोर्या. मी दोन्ही वाचून काढल्या आणि आधी होतो त्याहून जास्त गोंधळलो. पुढे सरकारने मला एक आकडाही दिला. त्या आकड्याने मला कुणीच कधी हाक मारली नाही.

एक गोष्ट मात्र मला लवकर कळली. माझ्यावरून जाताना समोरून गाडी आली की इथला माणूस स्टिअरिंगवरून एक बोट वर करतो. हात हलवत नाही, हसत नाही. नुसतं एक बोट. ओळखीचा असो, अनोळखी असो, कालच भांडण झालेलं असो. त्याचा अर्थ 'आहेस ना, मी पण आहे' एवढाच. मी लहान असल्यापासून ही बोटं बघत आलो आहे.

जुळ्या मोठ्या झाल्या. त्यांची आई वारवारा, दमित्रोची बायको, मोठी न्यायी बाई. घरात जे येईल त्याचे दोन सारखे भाग करायची. सफरचंद, रिबीन, शिव्यासुद्धा. "अर्धं तुझं, अर्धं तिचं," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मला ते प्रार्थनेतलंच वाटायचं. दोकियाचं लग्न झोर्यातल्याच ओस्तापशी झालं. तेक्लाने हॉलवीकचा सिगूर्ड केला. हॉलवीकचे लोक नॉर्वेहून आलेले. त्यांचं चर्च वेगळं, जेवण वेगळं. झोर्याच्या चर्चमधून परतताना बायका माझ्यावर चालता चालता कुजबुजल्या, "आता पोरगी पांढरे उकडलेले मासे खाणार." आणि हॉलवीकच्या बायका म्हणाल्या, "सिगूर्ड लसणाने मरणार." कुणी मेलं नाही.

लग्नानंतर बहिणींनी आईचाच हिशेब चालू ठेवला. दर शनिवारी दोकिया उत्तरेकडून वाकणापर्यंत यायची, तेक्ला दक्षिणेकडून. अर्धा रस्ता तुझा, अर्धा माझा. वाकणाच्या मध्यावर गाड्या उभ्या करून त्या वस्तूंची अदलाबदल करायच्या. दोकिया बटाट्याचं सारण भरलेले पिरोही आणायची, तेक्ला सासूने शिकवलेली लेफ्से, म्हणजे बटाट्याचीच पातळ पोळी.

"दोन्हीकडे बटाटाच," दोकिया म्हणायची. "मग आपण बदलतो काय?"

"अगं, तुझ्यात सारण आत असतं आणि आमच्यात बाहेरून लावतात. एवढं कळत नाही आणि म्हणे मोठी."

"मोठी आहेच मी. विचार खोडाला."

आणि दोघी खोडाच्या रिकाम्या जागेकडे बघून हसायच्या. मित्रांनो, माझे सुखाचे दिवस कुठले, असं कुणी विचारलं तर मी हे शनिवार सांगेन.

आता नाताळाचं सांगतो. ते नीट ऐका, कारण मला स्वतःला ते समजायला फार वर्षं लागली. हॉलवीकचा नाताळ डिसेंबरात पंचवीस तारखेला. झोर्याचा जानेवारीत सात तारखेला, कारण त्यांचं चर्च जुन्या पंचांगाने चालायचं. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी झोर्यात मोठं जेवण असतं. आकाशात पहिला तारा दिसल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. तारा दिसला की सगळ्यांत आधी मध आणि खसखस घालून शिजवलेले गहू खायचे. ते गहू बाबिचुकांच्या घरी त्या लाकडी वाडग्यातच कालवायचे, आणि सगळ्यांनी त्या एकाच वाडग्यातून घ्यायचे. त्यात गेलेल्या माणसांचाही घास धरलेला असतो.

दमित्रो आधीच गेला होता. १९६१ साली सप्टेंबरात वारवाराही गेली. शेवटचे महिने ती हॉलवीकला तेक्लाकडे होती, कारण दवाखाना तिथे. तिच्याबरोबर तिचा वाडगाही माझ्यावरून हॉलवीकला गेला. वारवाराला पुरायला झोर्यात आणलं. वाडगा तेक्लाच्या घरीच राहिला.

त्याच पानगळीत झोर्याच्या चर्चमध्ये मतं घेतली गेली. तरुण म्हणाले, पोरांना शाळेची सुटी डिसेंबरात असते, आपणही नाताळ डिसेंबरातच करू. त्यांची मतं जास्त पडली. ही बातमी हॉलवीकपर्यंत पोचली. पुढच्याच आठवड्यात झोर्याच्या म्हाताऱ्या बायका पाद्र्याच्या घरी जाऊन बसल्या आणि उठेनात. परतताना त्यातली एक म्हणाली, "देवाचा वाढदिवस हात वर करून हलवतात होय?" दोकिया त्यांच्याबरोबर होती. ठरलेलं मोडलं, नाताळ जुन्याच दिवशी राहिला. ही दुसरी बातमी मात्र हॉलवीकला गेली नाही. का गेली नाही, कोण जाणे. पहिली बातमी लोक हसत सांगत होते. दुसरीत हसण्यासारखं काही नव्हतं.

डिसेंबरात पाऊस पडता पडता तारांवर गोठला आणि टेलिफोनचे खांब माझ्या चरांत आडवे झाले. त्या दिवसांत माझ्यावर फक्त सेल्मरचा ग्रेडर, म्हणजे पोटाखाली पातं असलेलं मोठं यंत्र, फिरत होता. सेल्मर हॉलवीकचा. उन्हाळ्यात तो माझी खडी सारखी करायचा आणि हिवाळ्यात बर्फ बाजूला ढकलायचा. दोकियाने त्याला झोर्याच्या टोकाला गाठलं.

"सेल्मर, तेक्लाला निरोप सांग. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी वाडगा घेऊन वाकणावर ये म्हणावं. मी तिथपर्यंत येते."

"सांगतो."

त्याने तो निरोप तेक्लाच्या फाटकापाशी, माझ्यावर उभं राहून, शब्द न शब्द सांगितला. तेक्ला म्हणाली, "म्हणजे ठरलं तर. यंदा झोर्यावाले आमच्याबरोबर."

"मला काय ठाऊक," सेल्मर म्हणाला. "मी बर्फ ढकलतो."

चोवीस डिसेंबरला तेक्ला आणि सिगूर्ड वाकणावर आले. वाडगा तिच्या मांडीवर शालीत गुंडाळलेला होता.

"येईल आता," तेक्ला म्हणाली.

बराच वेळ गेला. सिगूर्ड म्हणाला, "माझे पाय आहेत की गेले ते बघून सांग."

"मोठी आहे ना ती. मोठ्या लोकांना उशीर होतो."

सूर्य गेला. कुणी आलं नाही. तेक्लाने काच पुसली, उत्तरेकडे पाहिलं आणि म्हणाली, "चल. नको असेल तिला. आईला शेवटी मी नेलं, त्याचा राग असेल."

मग बरेच दिवस झाले आणि उत्तरेकडून गाडी आली. त्यात दोकिया आणि ओस्ताप होते. सहा जानेवारी होती ती, हे मला नंतर कळलं. मला तारखा कळत नाहीत, चाकं कळतात.

"तारा निघाला, दोकिया," ओस्ताप म्हणाला.

"मला दिसत नाही."

"अगं, सगळ्या मुलुखाला दिसतोय. पोरं घरी ताटावर बसलीत."

"मला दिसत नाही म्हटलं ना."

शेवटी तिलाही दिसला. ती म्हणाली, "वाडगा ठेवून घेतला तिने. आईचा वाडगा, आणि आई गेल्याच्या पहिल्याच वर्षी." त्या रात्री झोर्यात गहू ॲल्युमिनियमच्या पातेल्यात झाले, असं पुढे कुणीतरी माझ्यावर बोलताना ऐकलं.

मित्रांनो, तुम्ही हुशार आहात, तुम्हाला इथेच सगळं समजलं असेल. मला समजलं नाही. मी दोघींना येताना पाहिलं, दोघींना जाताना पाहिलं. दोघी आल्या होत्या. मग दोघी म्हणतात ती आली नाही, हे कसं? मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं मोजतोय.

टेलिफोनच्या तारा जोडल्या गेल्या, पण त्यांतून ह्या दोघींचं बोलणं गेलं नाही. शनिवार बंद झाले. उन्हाळ्यात त्या माझ्यावर समोरासमोर आल्या. दोकिया सगळ्यांना बोट वर करायची, दूधवाल्याला, पोलिसाला, एकदा तर गाडी चालवतोय असं वाटून सीटवर बसलेल्या कुत्र्यालाही. त्या दिवशी तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. तेक्लानेही धरलं. दोन गाड्या एकमेकींच्या इतक्या जवळून गेल्या की धूळ एक झाली. बोट एकही उठलं नाही. असं त्याआधी माझ्यावर कधी झालं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात तेक्ला पुन्हा आली. चोवीस डिसेंबर, वाकण, मांडीवर वाडगा. तारा निघेपर्यंत थांबली आणि गेली. नंतर दोकिया आली, तिच्या दिवशी. तीही थांबली आणि गेली. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. दरवर्षी तसंच. पुढे जाऊन दार ठोठावावं, असं दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही. एकदा सिगूर्ड म्हणाला, "एवढे आलोच आहोत तर झोर्यापर्यंत जाऊ ना." तेक्ला म्हणाली, "माझा अर्धा इथे संपतो." मी स्वतःला टोकापासून टोकापर्यंत तपासलं. अर्धा कुठे संपतो, ते मला सापडलं नाही.

मधल्या काळात माझंही पुष्कळ काही झालं. मला डांबर लावलं. त्या दिवशी केवढं कौतुक! एका मंत्र्याने फीत कापली, बँड वाजला, माणसं माझ्यावर हात फिरवून बघत होती. सेल्मरने बुटाच्या टोकाने मला टोचलं आणि म्हणाला, "शिंकलं तर उडेल हे." पण मला अभिमान वाटला. उन्हात मी काळा चकचकीत दिसायचो.

मग रेल्वेने आपले रूळ उचलून नेले. झोर्यातली धान्याची उंच लाकडी कोठारं पाडली. सगळं धान्य मोठमोठ्या ट्रकांतून माझ्यावरून जाऊ लागलं. माझी ती पातळ काळी कातडी फाटली, खड्डे पडले. गाड्या चरातून जायच्या, कारण चर माझ्यापेक्षा बरा होता. शेवटी दात असलेलं एक यंत्र आलं. त्याने माझं सगळं डांबर खरवडलं आणि खडीत कालवून पुन्हा मला खडीचा रस्ता केलं. आधी खडीवर डांबर टाकलं तेव्हा ती सुधारणा होती. मग डांबराची खडी केली तेव्हा तीही सुधारणा होती. ह्यातली खरी कुठली, मी विचारत राहिलो. झोर्याची शाळा बंद झाली, दुकान बंद झालं, चर्चमध्ये पाद्री महिन्यातून एकदा यायला लागला. ओस्ताप गेला, सिगूर्ड गेला.

बहिणी आता एकट्याच यायच्या, आपापल्या दिवशी.

सेल्मर म्हातारा झाला तरी हिवाळ्यात ग्रेडर त्याच्याकडेच होता. दरवर्षी त्याला वाकणावर चाकांच्या खुणा दिसायच्या. दक्षिणेकडून येऊन तिथेच वळून परत गेलेल्या. काही दिवसांनी उत्तरेकडून येऊन तिथेच वळून परत गेलेल्या. गाडी वळवायला बरं पडावं म्हणून तो तिथलं बर्फ थोडं जास्त रुंद काढायचा. विचारायचा मात्र नाही. हे इथल्या माणसांचं असंच. दुसऱ्याच्या शेतात आग लागली तर धावत जातील, पण आत काय पेरलंय ते विचारणार नाहीत.

१९९६ सालच्या चोवीस डिसेंबरला मात्र त्याने विचारलं. तेक्लाचे डोळे अधू झाले होते. ती नाक काचेला लावून कशीबशी गाडी हाकत आली होती. सेल्मरने ग्रेडर तिच्या गाडीशेजारी उभा केला आणि खाली उतरला.

"तेक्ला, पुढच्या वर्षी तुला गाडी चालवू देणार नाहीत."

"माहीत आहे. म्हणून तर आले."

"दरवर्षी इथे येऊन करतेस काय?"

"उभी राहते. बंदी आहे?"

"बंदी नाही. दोकियाही उभी राहते, म्हणून विचारलं."

तेक्लाने काच पूर्ण खाली केली. "कधी?"

"जानेवारीत. त्यांच्या नाताळाच्या आदल्या दिवशी. दरवर्षी."

"त्यांचा नाताळ तर डिसेंबरात आला होता. मतं घेतली होती त्यांनी."

"ती म्हाताऱ्यांनी पुढच्याच आठवड्यात उधळली, मला पुढे तिकडे बर्फ ढकलताना कळलं. तुला माहीत नाही?"

"माझ्याशी बोलतं कोण तिकडचं?" तेक्ला म्हणाली. मग म्हणाली, "सेल्मर, तू त्या वर्षी निरोप काय सांगितलास?"

"जो दिला तो. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी."

"कुठल्या नाताळाच्या?"

"ते तिने सांगितलं नाही. तू विचारलं नाहीस."

"आणि तुला सुचलं नाही?"

"माझा नाताळ एकच आहे," सेल्मर म्हणाला. मग त्याने हातमोज्याने माझ्याकडे, माझ्या त्या काटकोनाकडे दाखवलं. "हा रस्ता इथे का वाकतो, माहीत आहे? मोजणीवाल्यांनी सगळा मुलूख चौकटीत आखला. पण पृथ्वी गोल. उत्तरेला जाल तशा रेघा जवळ येतात, चौकटी जुळेनाशा होतात. मग थोड्या थोड्या अंतरावर सगळं जरा बाजूला सरकवायचं आणि पुन्हा सरळ सुरू करायचं. रेघ कुणाचीच चुकलेली नाही. नुसतं इथे वाकावं लागतं. तुमच्या दोन नाताळांचं तेच झालंय."

मित्रांनो, मी का वाकलो ते मला त्या संध्याकाळी कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्यात काहीतरी खोट आहे.

तेक्लाने मांडीवरच्या वाडग्याची शाल नीट गुंडाळली. शेवटी म्हणाली, "तिला सांगू नकोस. मी सहा तारखेला येते."

"फोन कर की."

"फोनमधून वाडगा जातो का?"

सहा जानेवारीला हिमवादळ आलं. बर्फ वरून पडत नव्हतं, माझ्यावरून आडवं वाहत होतं. माझ्या कडा मलाच दिसत नव्हत्या. दुपार कलली तेव्हा दोकियाची गाडी उत्तरेकडून आली. अशा हवेत कशाला आली, असं तुम्ही विचाराल. ती दरवर्षी यायची, म्हणून आली. वाकणाचा पहिला काटकोन बर्फाखाली गेला होता. जन्मभर जिथे वळली तिथे ती त्या दिवशी सरळ गेली. गाडी चरात उतरली आणि बर्फात खिडकीपर्यंत रुतली. तिने इंजिन बंद केलं, कारण धूर आत येत होता. इथे हिवाळ्यात प्रत्येक गाडीत कॉफीच्या डब्यात एक मेणबत्ती ठेवलेली असते, तेवढ्यासाठीच. तिने ती लावली, पांघरूण घेतलं आणि बसून राहिली.

थोड्या वेळाने दक्षिणेकडून ग्रेडर आला. तेक्लाने सेल्मरला फाटकात अडवलं तेव्हा तो म्हणाला होता, "ह्यात माणसं बसवायची परवानगी नाही." ती म्हणाली, "माणूस कोण बसतंय? वाडगा पोचवायचाय. मी त्याला धरायला." वाकणाच्या मध्यावर येऊन सेल्मर थांबला. नेहमीची जागा. तिथे कुणीच नव्हतं.

"आली नाही," सेल्मर म्हणाला. "शहाणी आहे. आपणही जाऊ."

एक बहीण इथे, दुसरी तिथे चरात. मधे हाकेचं अंतर. पण त्या वाऱ्यात हाक जाणार कुठे? आणि मला कुठली हाक? माझ्या अंगावर दोघी होत्या आणि एकीलाही सांगायला मला तोंड नव्हतं. मी असहाय होतो. मला वाटलं, आता ग्रेडर वळेल. नेहमी इथूनच सगळे वळतात. ती रुंद केलेली जागाही वळण्यासाठीच होती.

तेक्ला म्हणाली, "पुढे चल."

"पुढे झोर्या आहे."

"मला सांगतोस? माझा जन्म तिथला."

"तुझा अर्धा इथे संपतो ना?"

"गप्प बस आणि चालव."

ग्रेडर पुढे निघाला. माझ्या त्या अर्ध्यावर तेक्लाला मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. पात्याने बर्फ बाजूला पडत होतं. काटकोनाजवळ आल्यावर ती एकदम म्हणाली, "सेल्मर, तारा निघाला."

"ह्या वादळात कसला तारा? डोळे गेलेत तुझे."

"गेलेत तर गेलेत. तो बघ. खाली आहे जरा, पण आहे."

सेल्मरने पाहिलं आणि ब्रेक दाबला.

त्याने फावड्याने चरातल्या गाडीचं दार मोकळं केलं. दोकियाचे ओठ निळे पडले होते. तिने सेल्मरकडे पाहिलं नाही. त्याच्या मागे कमरेएवढ्या बर्फात वाडगा छातीशी धरून उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं.

"उशीर केलास," दोकिया म्हणाली.

"तू चुकीच्या दिवशी बोलावलंस."

"मी बरोबर दिवशीच बोलावलं. तू चुकीच्या दिवशी आली असशील."

"दरवर्षी आले."

दोकियाने अंगावरचं पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाली, "मी पण."

"आत बसता का दोघी," सेल्मर म्हणाला, "का मी इथे चर्च बांधू?"

ग्रेडरवरच्या एका माणसाच्या त्या खोपटात तिघं कोंबून बसली. दोकियाने वाडग्यावरची शाल काढली आणि काठावरून अंगठा फिरवला.

"एवढाच होता?"

"एवढाच."

"मला मोठा आठवत होता."

"तू लहान होतीस."

"तुझ्याहून मोठी होते," दोकिया म्हणाली, आणि तेक्ला खोडाच्या जागेकडे बघून हसली. तिथे नुसतं पांढरं होतं. ग्रेडर झोर्याकडे गेला. घरात काय झालं ते मला माहीत नाही. घरातलं मला कळत नाही. ग्रेडर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत आला नाही, आणि मी तोवर बर्फाखालीच राहिलो. हॉलवीकचे लोक रागावले. मला मात्र त्या दिवशी मुळीच राग आला नाही.

त्यानंतर डिसेंबरात दोकिया माझ्यावरून सरळ हॉलवीकपर्यंत जायची. जानेवारीत तेक्लाला तिची मुलगी झोर्यापर्यंत आणायची. वाकणावर कुणी थांबेना. उन्हाळ्यात दोन गाड्या समोरासमोर आल्या की दोकिया बोट वर करायची. मुलीशेजारी बसलेल्या तेक्लाला समोरची गाडी कुणाची ते दिसत नसे, म्हणून ती सगळ्यांनाच करायची.

मित्रांनो, आता मी फार म्हातारा झालो आहे. झोर्यात आज कुणी राहत नाही. तरी हॉलवीकचे लोक मला अजून झोर्याचा रस्ता म्हणतात. जिथे कुणी नाही तिथे जाणारा रस्ता म्हणजे काय, ह्याचा मी रोज विचार करतो आणि मला उत्तर सापडत नाही. माझ्या चरांत गवत वाढलं आहे. वर्षातून एकदा कुणीतरी खडी टाकली तर बरं वाटेल. माझ्यावरून कधी गेलात तर समोरच्याला एक बोट वर करा. कुणी निरोप दिला तर दिवस कुठला, ते विचारून घ्या. आणि कुणाकडे निघाला असाल तर मधे थांबू नका. अर्धा रस्ता असं माझ्यावर कुठेच लिहिलेलं नाही, मी सगळ्या पाट्या वाचल्या आहेत.

वाडगा त्या जानेवारीत उत्तरेला गेला, तो माझ्यावरून परत आलेला मी पाहिला नाही. दुसऱ्या रस्त्याने गेला असेल.

सेल्मर १९९८ सालच्या जूनमध्ये वारला. तेक्ला १९९९ सालच्या मार्चमध्ये हॉलवीकच्या दवाखान्यात वारली. दोकिया २००४ सालच्या ऑक्टोबरमध्ये, बटाटे काढून झाल्यावर, झोर्यातल्या आपल्या घरी वारली. झोर्यात मेलेली ती शेवटची.